एक पुस्तक, अनेक गावं: सामूहिक वाचनाची पार्श्वभूमी

शेजारशेजारच्या गावांतल्या ग्रंथालयांनी मिळून एक पुस्तक निवडायचं, त्याच्या भरपूर प्रती फिरत्या ठेवायच्या, महिना-दोन महिने सगळ्यांनी तेच वाचायचं आणि मग त्यावर बोलायला एकत्र जमायचं. या उपक्रमाचं आजचं रूप 1998 साली अमेरिकेतल्या सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात आकाराला आलं. तिथल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी ‘सगळ्या सिएटलने एकच पुस्तक वाचलं तर?’ या विचाराने त्याची सुरुवात केली. रसेल बँक्स यांची एक कादंबरी निवडली गेली. पर्ल यांची भूमिका स्वच्छ होती: हा ग्रंथालयाचा कार्यक्रम आहे, समाजातली तेढ मिटवण्याचं औषध नव्हे. माणसं वाचतील आणि वाचलेल्यावर बोलतील, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते थोडं नाही.

2001 मध्ये शिकागोने हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घेतली आणि उपक्रम सर्वत्र पोचला. न्यूयॉर्कमध्ये मात्र पुढच्याच वर्षी पुस्तक कोणतं यावरून वाद झाला आणि निवड दोन पुस्तकांत विभागली गेली. साहित्य वाचणाऱ्या अमेरिकी प्रौढांचं प्रमाण 1982 मधल्या सुमारे 57 टक्क्यांवरून 2002 मध्ये 47 टक्क्यांच्या आसपास आल्याचं 2004 च्या एका सरकारी अहवालाने दाखवलं, तेव्हा तिथल्या केंद्रीय कलानिधीने 2006 मध्ये दहा ठिकाणी ‘बिग रीड’ हा असाच सामूहिक वाचनाचा कार्यक्रम सुरू केला. आपल्या गोव्याच्या दृष्टीने मला जास्त मोलाचं वाटतं ते कॅनडातलं वॉटर्लू. तिथे किचनर, वॉटर्लू, केंब्रिज ही लागून असलेली शहरं आणि आसपासची खेडी यांच्या ग्रंथालयांनी मिळून पुस्तक निवडलं. एकट्या छोट्या वाचनालयाला एकाच पुस्तकाच्या पन्नास प्रती परवडत नाहीत. पाच वाचनालयांनी दहा-दहा घेतल्या, तर त्या आलटून पालटून सगळीकडे पोचतात.

गोव्यात या कल्पनेचा अर्धा भाग जुनाच आहे. श्रावणात देवळाच्या सभामंडपात पोथी लावायची, श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ अध्यायामागून अध्याय ऐकायचा, समाप्तीला सारा वाडा जमायचा. अक्षर न येणारी आजीही त्या ग्रंथाची वाचक असे, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर कालच्या अध्यायाचीच चर्चा चाले. फोंड्यासारख्या नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या भागांत, हे सलग टिकलं. सोळाव्या शतकातच त्यांच्या हाती गेलेल्या जुन्या काबिजादींत देवळं गेली, 1684 मध्ये स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम निघाला. तरी फादर स्टीफन्स यांचं 1616 चं ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ ख्रिस्ती गोंयकारांमध्ये गायलं जात राहिलं. एकच ग्रंथ, सगळं गाव, दोन्ही धर्मांत.

उरलेला अर्धा भाग म्हणजे ग्रंथालय. पणजीचं सार्वजनिक ग्रंथालय 1832 मध्ये स्थापन झालं. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटोवर उभं आहे. पण तो पोर्तुगीज वाचणाऱ्यांचा ठेवा होता. मराठी वाचकाला खरी मोकळीक मिळाली ती 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर. हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले, मराठी शाळा आणि वाचनालयं गावोगाव निघाली, 1912 मध्ये हेगडे देसायांचं ‘भारत’ हे वृत्तपत्र सुरू झालं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने हा श्वास पुन्हा कोंडला. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात, सभा घ्यायला परवानगी लागे. 18 जून 1946 ला मडगावात लोहियांनी मोडला तो हाच सभाबंदीचा हुकूम. कपाटात पुस्तक असू शकत होतं, पण त्यावर चारचौघांत मोकळेपणी बोलणं धोक्याचं होतं. आपल्या वाचनालयांत वाचण्याची सवय रुजली आणि चर्चेची तितकी रुजली नाही, त्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

मुक्तीनंतर वाचनालयं वाढली, 1993 मध्ये गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. म्हापशाहून पणजी तेरा-चौदा किलोमीटर, फोंडा-मडगाव तासाभरात. वॉटर्लूने जे केलं त्याला अंतराची अडचण इथे मुळीच नाही.

अडचण आहे ती न्यूयॉर्कसारखी, निवडीची. इथला एक शेजारी मराठी वाचतो, दुसरा देवनागरी कोंकणी, तिसरा रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, चौथा इंग्रजी. म्हणून एकापेक्षा अधिक भाषांत मिळणारंच पुस्तक घ्यावं लागेल. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ मला पहिल्यांदा आठवते. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कोंकणी कादंबरी इंग्रजीत आणि इतर भाषांतही गेली आहे, आणि आखातात घरकामाला गेलेल्या बाईची तिची कथा गोव्याच्या कितीतरी घरांना जवळची आहे. पण यादीवर शेवटची खूण पणजीतून होऊ नये. डिचोली, पेडणे, काणकोणच्या ग्रंथपालांना आपल्या वाचकांची नाडी ठाऊक असते. त्यांना निवडीत बरोबरीचं मत असेल, तरच तिथले लोक ते पुस्तक आपलं म्हणून हातात घेतील.