ठळक भौमितिक सॅन्स-सेरिफ टंक

टोकांना आडवे फाटे नाहीत, गोलाई कंपासने काढल्यासारखी, रेघ सगळीकडे एकसारखी भासणारी आणि चांगली जाड, अशा रोमन लिपीच्या टंकाला, म्हणजे अक्षरांच्या छापील घडणीला, ठळक भौमितिक सॅन्स-सेरिफ म्हणतात. फ्युचुरा, कॅबल, अवांत गार्ड गॉथिक आणि गॉथम ही या घराण्यातली गाजलेली नावे. बिनफाट्यांचे अक्षर त्याहून बरेच जुने आहे. विल्यम कॅस्लन चौथे यांनी लंडनमध्ये १८१६ च्या सुमारास तसा नमुना छापला होता. अक्षर वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोणातूनच घडावे हा आग्रह मात्र १९२० च्या दशकातल्या जर्मनीतला.

याकोब एर्बार यांचा टंक आधी आला, १९२७ मध्ये रुडॉल्फ कॉख यांचा कॅबल आला. त्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या बावर या ओतशाळेने (छपाईचे धातूचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) पाउल रेनर यांच्या फ्युचुराचे खिळे बाजारात आणले आणि या प्रकाराचे नाव त्याच्याशीच जोडले गेले. रेनर बाउहाउस या जर्मन कला-आरेखन शाळेचे होते असे अनेकदा लिहिले जाते, ते चूक आहे. त्या विचारांशी त्यांची जवळीक होती, पण तिथे ते शिकले किंवा शिकवत नव्हते. त्यांच्या सुरुवातीच्या आराखड्यांत लहान लिपीतला ‘आर’ म्हणजे एक उभी काठी आणि शेजारी सुटा ठिपका होता. असे हट्टी आकार पुढे मागे पडले. मोठ्या लिपीची मापे त्यांनी प्राचीन रोमन शिलालेखांतून घेतली: ‘ई’, ‘एफ’, ‘एल’ अरुंद, तर ‘ओ’, ‘सी’, ‘जी’ ऐसपैस. फ्युचुरा इतका काटेकोर असूनही रुक्ष वाटत नाही, याचे श्रेय या जुन्या मापांना द्यायला हवे.

बारीक रेघेत भूमिती बऱ्यापैकी निभावते. रेघ जाड केली की ती अपुरी पडते आणि आरेखकाचे खरे काम तिथून सुरू होते. एकाच जाडीच्या कड्यासारखा ‘ओ’ काढून पाहावा. मापाने तो अचूक असतो, तरी वरची आणि खालची कमान बाजूंपेक्षा जाड दिसते, कारण आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा भारी वाटते. म्हणून ती किंचित बारीक करतात. गोल अक्षर चौकोनी अक्षराइतकेच उंच ठेवले तर बुटके भासते, म्हणून ते तळरेषेच्या थोडे खाली आणि वरच्या रेषेच्या थोडे वर काढतात. लहान लिपीतल्या ‘बी’, ‘डी’, ‘पी’मध्ये गोल पोट उभ्या काठीला भिडते. तिथे दोन जाड रेघा मिळून काळा गोळा होतो, आणि छपाईत शाई पसरली की तो आणखी वाढतो. त्यामुळे सांध्यापाशी गोलाई निमुळती करत आणावी लागते. फ्युचुराच्या हलक्या जाडीत मोठ्या ‘ए’ची आणि ‘एम’ची टोके अणकुचीदार आहेत, ठळकमध्ये तीच सपाट कापलेली दिसतात. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा हीच या जाडीतली खरी मौल्यवान गोष्ट. ती बुजली की लहान ‘ई’ आणि ‘ओ’ यांत फरक उरत नाही.

वापर ओघाने याच गुणदोषांतून ठरतो. थोडे शब्द, मोठा आकार, दुरून दिसण्याची गरज: भित्तिपत्रके, मुखपृष्ठे, मथळे, बोधचिन्हे, फलक. १९५९ पासूनच्या फोक्सवॅगनच्या अमेरिकी जाहिरातींत पानभर मोकळ्या जागेखाली फ्युचुरातली छोटी ओळ असे, आणि तेवढीच पुरे होई. बार्बरा क्रूगर या कलावतीने तिरका ठळक फ्युचुरा तांबड्या पट्टीवर पांढऱ्यात बसवला. अक्षर हुकूम सोडल्यासारखे कसे बोलू शकते ते त्यात दिसते. टोबायस फ्रिअर-जोन्स यांचा गॉथम न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींवरील पाट्यांवरून घडला आणि बराक ओबामा यांच्या २००८ च्या प्रचारात घरोघरी पोचला. अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या पट्टीवरचा मजकूरही फ्युचुरातच आहे.

सलग मजकुरासाठी हा टंक घेऊ नये. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ एकाच वर्तुळाची भावंडे, मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ दोन्ही नुसत्या काठ्या. चार ओळींनंतर डोळा थकतो.

देवनागरीत या तत्त्वाचा एक परिचित नमुना म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी आरेखली. जाडीच्या नऊ पायऱ्या असलेला हा टंक कोणालाही मोफत वापरता येतो. देवनागरीत जाडी वाढवणे रोमनपेक्षा अवघड आहे. शिरोरेषा सगळ्या शब्दावर पसरलेली असते, म्हणून ती उभ्या काठीइतकी जाड ठेवली तर शब्द दबल्यासारखा दिसतो. जोडाक्षरांत एकाखाली एक आकार येतात आणि जागा तेवढीच राहते. आणि ‘व’चा ‘ब’ होतो तो पोटातल्या एका तिरक्या रेघेने, ‘प’चा ‘ष’ही तसाच. सर्वांत जाड पायरीवर त्या एका रेघेच्या दोन्ही अंगांना पांढरे राखावे लागते, आणि त्यासाठी ती बाकीच्या रेघांपेक्षा बरीच बारीक काढावी लागते.