सीटबेल्टचं मतदान आणि वेगमर्यादेचं मतदान: दोन्ही स्विस, पण जात वेगळी

स्वित्झर्लंडमध्ये सीटबेल्टच्या सक्तीवर लोकांनी मतदान केलं होतं, असं सांगितलं की बहुतेकांना वाटतं, कुणीतरी 'सक्ती करा' म्हणून सह्या गोळा केल्या असणार. झालं होतं नेमकं उलट. तिथे सह्यांच्या जोरावर मतदान घडवून आणण्याचे दोन मार्ग आहेत: सार्वमत, म्हणजे संसदेने केलेला कायदा लोकांच्या मताला लावणं, आणि लोकपुढाकार, म्हणजे घटनेतला बदल लोकांनी स्वतःच सुचवणं. आपल्याकडच्या बातम्या दोन्हींना सरसकट 'सार्वमत' म्हणून मोकळ्या होतात.

सीटबेल्टचं प्रकरण सार्वमताचं. 1 जानेवारी 1976 पासून तिथल्या सात जणांच्या मंत्रिमंडळाने नुसता नियम काढून पट्टा सक्तीचा केला. विरोधकांची पंचाईत अशी, की सार्वमत मागता येतं ते संसदेने केलेल्या कायद्यावर; मंत्रिमंडळाच्या नियमावर नाही. उरलं कोर्ट. 1977 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एवढी सक्ती करायची तर कायद्यात तसा आधार हवा. सक्ती बारगळली. मग संसदेने मार्च 1980 मध्ये वाहतूक कायदाच दुरुस्त केला, मोटारसायकलवाल्यांचं हेल्मेटही त्यात घेतलं, आणि तिथेच विरोधकांना दार उघडं झालं. कायदा झाला म्हणजे त्यावर सह्या गोळा करता येतात. त्यांनी त्या केल्या.

30 नोव्हेंबर 1980 ला मतदान झालं. प्रश्न होता, संसदेने केलेली दुरुस्ती मान्य आहे का? म्हणजे ज्यांनी सह्या केल्या त्यांना मतपत्रिकेवर 'नाही' लिहायचं होतं. 'गाडी माझी, जीव माझा, सरकारचा काय संबंध' हा सूर फ्रेंच भाषक भागात फार चढा होता. तिथे विरोधात भरभरून मतं पडली. तरीही देशभरात 51.6 टक्के लोक 'हो' म्हणाले आणि 1 जुलै 1981 पासून सक्ती लागू झाली. एवढ्या निसटत्या फरकाने पट्टा बसला, हे आज खरं वाटत नाही.

आता वेगमर्यादा. 1985 मध्ये गाड्यांच्या धुराने जंगलं सुकत चालल्याच्या धास्तीने मंत्रिमंडळाने मोटारवेवरचा वेग 130 वरून 120 वर आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवरचा 100 वरून 80 वर आणला. हाही नियमच, कायदा नव्हे. त्यामुळे सार्वमताचा मार्ग बंद. नाराज मंडळींनी लोकपुढाकाराचा धरला. पण देशपातळीवर लोकपुढाकाराने साधा कायदा बदलता येत नाही, फक्त राज्यघटना बदलता येते. म्हणून ताशी 130 आणि 100 किलोमीटर हे आकडे थेट घटनेत लिहा, अशी मागणी आली! राज्यघटनेत गाडीचा वेग. पण मार्गच तो, त्याला इलाज नाही. 26 नोव्हेंबर 1989 ला 62 टक्के लोकांनी ती फेटाळली. इथे सह्या करणाऱ्यांना लिहायचं होतं 'हो'.

सह्यांचा हिशेबही वेगळा. आजच्या नियमाने सार्वमताला 100 दिवसांत 50,000 सह्या लागतात, लोकपुढाकाराला 18 महिन्यांत 1,00,000. मोजणीत तर मोठाच फरक आहे. सार्वमतात देशभरची साधी बहुसंख्या पुरते. लोकपुढाकाराला मतदारांची बहुसंख्या हवी आणि कॅन्टनांचीही, म्हणजे तिथल्या घटकराज्यांची. 1980 मध्ये कोणत्या कॅन्टनने काय कौल दिला याला निकालात काहीच वजन नव्हतं. शिवाय सार्वमतात मजकूर संसदेचा. लोकांनी तो घ्यायचा किंवा टाकायचा. लोकपुढाकारात मजकूर सह्या गोळा करणारे लिहितात, आणि संसद त्यासमोर स्वतःचा पर्यायी प्रस्ताव ठेवू शकते.

मराठी माणसाला सार्वमत म्हटलं की 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल आठवतो: महाराष्ट्रात विलीनीकरण हवं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. तो या दोन्हींत बसत नाही. त्यासाठी संसदेनेच कायदा केला होता आणि प्रश्नही तिनेच ठरवला होता; सह्या गोळा करायचा प्रश्नच आला नाही.