कमरेत भुलेचं इंजेक्शन: नसेला इजा होते का?

ऑपरेशनआधी आमच्या केंद्रात येणारे बहुतेक जण एकच विचारतात, "या इंजेक्शनाने कंबर कायमची धरते म्हणे?" घरात कुणाचं तरी सिझेरियन झालेलं असतं, तिथून हे आलेलं असतं. बाळंतपणानंतर कंबर दुखते हे खरं, पण ही सुई न घेतलेल्या बायकांचीही दुखते. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, तेवढा दोष सुईचा.

नसेची इजा ही वेगळी गोष्ट. ती क्वचित होते, पण होते. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००९ मध्ये देशभरातला हिशोब मांडला, तेव्हा पाठीतून भूल दिलेल्या लाखामागे साधारण २ ते ४ जणांना कायमची इजा आढळली.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पाण्यात सोडलेल्या शेवयांसारख्या सुट्या नसा असतात. सुई आम्ही त्याच भागात, सहसा तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून घालतो. नसेला टोक लागलंच तर पायात करंट बसल्यासारखं होतं. तेव्हा हलू नका, पण लगेच बोला, कुठला पाय तेही सांगा. आम्ही थांबतो, कळ असताना औषध सोडत नाही. सुईआधी गुंगी देणं टाळतो ते यासाठीच.

चुकीची कुपी हाही धोका आहे. रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भुलेचं औषध समजून कण्यात गेल्याच्या जीवघेण्या घटना नोंदलेल्या आहेत. म्हणून आमच्याकडे दोघं जण कुपीवरचं नाव मोठ्याने वाचतात. तुम्हालाही ऐकू येईल.

आम्हाला जास्त धास्ती असते ती सुईने कण्यात रक्तस्राव होऊन ते रक्त तिथेच साकळण्याची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाकिटंच घेऊन या. मनाने बंद मात्र करू नका. स्टेंट बसवलेल्याला ते महागात पडतं.

भूल साधारण २ ते ४ तासांत उतरते. हलू लागलेले पाय पुन्हा जड झाले, बसायची जागा बधिरच राहिली, लघवी अडली, पाठीत असह्य कळा आल्या किंवा ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच एमआरआय लागू शकतो. नस दाबणारी गुठळी पहिल्या ८ तासांत काढली तर पायांत ताकद परतण्याची आशा जास्त असते. केसपेपरच्या मागे भूलतज्ज्ञांचा नंबर आहे, रात्री दोनलाही उचलतात.