‘आपण’ जिंकलो, ‘ते लोक’ विकतात

९ जानेवारी २०२४ च्या सकाळी दहाच्या सुमारास आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर डेट्रॉइटहून एक ओळ आली : ‘आपण जिंकलो!’ मावशीला वाटलं क्रिकेट. तिने टीव्ही लावला, तिथे तसलं काही नव्हतं. जिंकली होती मिशिगन विद्यापीठाची फुटबॉल टीम. हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू, अंगावर चिलखत आणि पायापेक्षा हाताचंच काम जास्त. अंतिम सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असं हरवून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. भाऊ तिथे दोन वर्षं एमएस करायला होता. तो चेंडू त्याने आयुष्यात हातात धरलेला नाही. तरी ‘आपण’. पाच मिनिटांनी पुढचा मेसेज : ‘आता ते लोक वॉशिंग्टनलाच आपल्या कॉन्फरन्समध्ये घेतायत.’ (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या, मूळच्या एकाच परिसरातल्या विद्यापीठांचा गट.)

पहिल्या ओळीत ‘आपण’, दुसरीत ‘ते लोक’. बोलणारा तोच, विद्यापीठही तेच. खेळ म्हटला की आपण, व्यवहार म्हटला की ते.

या सर्वनामांवर खरोखरीचं संशोधन झालेलं आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक शोधनिबंध छापला. सात विद्यापीठांत (त्यात मिशिगनही होतं) त्यांनी दर सोमवारी वर्गात बसून मोजणी केली : किती मुलांच्या अंगावर किंवा दप्तरावर विद्यापीठाचं नाव आहे? शनिवारी टीम जिंकली असेल तर सोमवारी शर्ट जास्त निघायचे. मग फोनवर दुसरा प्रयोग. विद्यार्थ्याला आधी माहितीचे सहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं कशीही असोत, कुणाला ‘छान’ सांगायचं, कुणाला ‘फारच कमी गुण’. त्यानंतर सहज विचारायचं, त्या अमुक सामन्यात काय झालं होतं? जिंकलेल्या सामन्याबद्दल ‘आम्ही जिंकलो’ आणि हरलेल्याबद्दल ‘ते हरले’ असं बोलण्याकडे कल दिसला. आणि हा कल ज्यांचा नुकताच पाणउतारा झाला होता त्यांच्यात अधिक ठळक होता. स्वतःची पत घसरली की माणूस टीमची उसनी घेतो.

इंग्रजीत बिचाऱ्यांकडे ‘वी’ हा एकच शब्द. मराठीत हा प्रयोग झाला असता तर आणखी एक खण भरता आला असता. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना त्यालाही आत ओढलं जातं. भावाने मावशीला न विचारता मिशिगनची सभासद करून टाकली, ती अशी.

पण सगळेच चाहते पराभवानंतर ‘ते’ म्हणत नाहीत. डॅनियल वॅन आणि नायला ब्रान्सकोम्ब यांनी १९९० मध्ये दाखवलं की ज्यांची टीमशी नाळ घट्ट असते, ते हरल्यावरही लांब जात नाहीत. मग अशा मुरलेल्या चाहत्याच्या तोंडी ‘ते लोक’ कधी येतं?

सर्रास दिलं जाणारं उत्तर असं, की पैसा आला आणि वाट लागली. हे अर्धवट आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये चाहते पिढ्यान्‌पिढ्या हौसेने पैसे मोजत आलेत. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. त्यातला शेवटचा ‘१’ म्हणजे फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या नावाची खुर्ची, आणि ती कुठली हे कुणालाच ठाऊक नाही, अशी तिथली आख्यायिका. १९७५ पासून तिथला सामना म्हटला की लाखाच्या वर प्रेक्षक, हा त्यांचा अभिमान (कोविडचं वर्ष सोडा). या मैदानात चांगली जागा हवी असेल तर नुसतं तिकीट पुरत नाही, क्रीडा विभागाला आधी देणगी द्यावी लागते. २०१७ अखेरपर्यंत अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलतही मिळायची. म्हणजे चाहता खुर्चीचे पैसे देत होता, पण पावतीवर ‘देणगी’ लिहिलेलं होतं. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्याला हा फरक समजावून सांगायला नको.

आता २०१४ मध्ये जाऊ. पण त्याआधी १९०३ मध्ये. मिशिगनची टीम मिनेसोटा विद्यापीठाविरुद्ध खेळायला मिनिॲपोलिसला गेली होती. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना यजमानांच्या पाण्याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी एका विद्यार्थ्याला बाजारात पाठवलं. त्याने ३० सेंटला भाजक्या मातीचा एक जग आणला. आपल्याकडच्या लोणच्याच्या बरणीच्या जातकुळीतला, वर कान असलेला. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, गोंधळात जग तिथेच राहिला, आणि मिनेसोटावाल्यांनी तो ठेवून घेतला. १९०९ पासून प्रथा पडली, जो जिंकेल त्याच्याकडे जग. त्याला ‘लिटल ब्राउन जग’ म्हणतात, त्यावर प्रत्येक सामन्याचे गुण रंगवलेले असतात, आणि तो कुठल्याही किमतीला विकत मिळत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये याच जगाच्या सामन्यासाठी जाहिरात झळकली : कोकच्या दोन बाटल्या घ्या, दोन तिकिटं मिळवा. आधीच विद्यार्थ्यांच्या तिकिटाचे दर वाढवलेले, आधीच त्यांच्या बसण्याच्या पद्धतीत बदल केलेले, त्यात ही कोकची बाटली. गदारोळ उठला आणि योजना मागे घेतली गेली. त्याच सामन्यात डोक्याला मार लागलेल्या एका खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवलं गेलं. विद्यार्थ्यांचा मोर्चा कुलगुरूंच्या घरापर्यंत गेला, आणि ३१ ऑक्टोबरला क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन यांनी राजीनामा दिला. ते डॉमिनोज पिझ्झाचे माजी प्रमुख होते, पण त्याआधी मिशिगनच्याच टीममधले खेळाडू. म्हणजे बाहेरचा माणूस आला आणि बिघडलं, असंही नाही. दुखापत, हरणारी टीम, तिकिटं हे सगळं एकात एक गुंतलेलं होतं. एकट्या कोकवर खापर फोडायचा माझा विचार नाही.

पण मला अडकवून ठेवतो तो कोकच. महाग तिकिटाने खिसा दुखतो हे कळतं. जवळपास फुकट तिकिटाने काय दुखावं?

यासाठी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत जावं लागेल. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांचा हा प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा पाळणाघरं, वीस आठवडे. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि ताई ताटकळत बसायच्या. चार आठवडे नुसती मोजणी केली. पाचव्या आठवड्यात सहा पाळणाघरांत नियम लावला : दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर १० शेकेल दंड. उशिरा येणारे वाढले, वाढता वाढता जवळजवळ दुप्पट झाले. सतराव्या आठवड्यात दंड रद्द केला. उशीर करणारे होते तेवढेच राहिले.

याचं लोकप्रिय स्पष्टीकरण सगळ्यांना पटतं : ‘सॉरी ताई’च्या जागी दहा शेकेल आले, अपराधीपणा विकत घेता आला. बरोबरच आहे. पण लेखकांनी दुसरं एक स्पष्टीकरणही मांडलंय, आणि माझा जीव त्याच्यावर आहे. ते द्यूतसिद्धांताचं (गेम थिअरीचं, म्हणजे समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून वागण्याच्या गणिताचं) आहे, तेव्हा जरा धीर धरा.

पालक आणि पाळणाघर यांच्यातला करार अपुरा असतो. ‘उशीर केल्यास पुढे काय’ हे त्यात लिहिलेलं नसतं. ताई मवाळ आहेत की कडक, हे पालकाला ठाऊक नसतं. त्याच्या मनात दोन्हींची काहीतरी शक्यता असते. समजा कडक असण्याची ३० टक्के. कडक ताई मुलाचं नाव काढून टाकतील. एवढा धाक पुरेसा असतो, पालक धावतपळत येतो. मग एक दिवस भिंतीवर दंडाचा कागद लागतो. कडक ताईने दहा शेकेलवर समाधान मानलं असतं का? नाही. म्हणजे ताई मवाळच. पालकाच्या मनातले ३० टक्के शून्याजवळ येतात. इथे दंड शिक्षा म्हणून येतो आणि बातमी देऊन जातो. आता कागद काढला तरी ३० टक्के परत येत नाहीत, कारण नियम रद्द करता येतो, कळलेली गोष्ट न कळलेली करता येत नाही.

हेच गणित स्टेडियममध्ये मांडा. चाहता आणि विद्यापीठ यांच्यातला करारही अपुराच. मी पावसात बसतो, देणगी देतो, हरल्यावरही शर्ट घालतो, त्याची तुमच्या लेखी किंमत काय, हे कधी बोललं जात नाही. न बोललेलं असतं म्हणूनच चाहत्याला ती किंमत अमोल मानायची मुभा असते. तिकीट महाग झालं तरी ती मुभा टिकते; अमोल गोष्ट महाग असणारच. ‘दोन कोक’ म्हटल्यावर मात्र आकडा समोर येतो, आणि योजना मागे घेतली तरी तो डोक्यातून जात नाही.

इथे सावध राहायला हवं. पैशाने आपुलकी हटते हा काही गुरुत्वाकर्षणासारखा नियम नव्हे. स्वीडनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या रक्तदानाच्या प्रयोगात मोबदला देऊ केल्यावर स्त्रियांचा प्रतिसाद घटला, पुरुषांचा तसा घटला नाही; प्रत्यक्ष शिबिरांत केलेल्या नंतरच्या अभ्यासांत छोट्या भेटवस्तूंनी रक्तदाते वाढलेलेही दिसले. त्यामुळे ‘चाहत्याच्या मेंदूतलं निष्ठेचं केंद्र’ रंगीत चित्रांत दाखवून कंपन्यांना सल्ले विकणाऱ्यांकडे मी, लकी जर्सी न धुता सीझन काढणाऱ्यांकडे पाहतो त्याच नजरेने पाहतो. जर्सीवाल्यांकडे जरा जास्त प्रेमाने, एवढंच.

मिशिगनचा पुढचा इतिहासही सिद्धांताच्या चौकटीत नीट बसत नाही. विद्यार्थ्यांच्या सीझन तिकिटाची किंमत १७५ डॉलरवर उतरवली, म्हणजे शंभराहून अधिक डॉलर कमी. डिसेंबर २०१४ मध्ये टीमचा जुना क्वार्टरबॅक (मैदानावर डाव चालवणारा मुख्य खेळाडू) जिम हार्बो प्रशिक्षक म्हणून परतला, आणि लोकही परतले. हैफात दंड काढला तेव्हा पालकांची कुणी माफी मागितली नव्हती. इथे माणसं बदलली. कदाचित जुनी बातमी पुसता येत नसेल, पण वर नवी लिहिता येत असेल.

दरम्यान खेळाचा नकाशाच बदलला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज सामन्यांच्या प्रक्षेपणावरची एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली, तिथून टीव्हीच्या पैशाचा पूर सुरू झाला. २०२४ पासून ‘बिग टेन’ या मिशिगनच्या कॉन्फरन्समध्ये १८ विद्यापीठं आहेत, आणि पॅसिफिकच्या काठावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये खेळतात. ज्या शेजाऱ्याशी शतकभर भांडलो तो शेजारीच उरत नाही. चाहत्याचं ‘आपण’ निम्मं त्या शेजाऱ्यामुळेच असतं, त्यामुळे मला हा घाव कोकपेक्षा खोल वाटतो.

खेळाडूंना मिळू लागलेल्या पैशाबद्दल मात्र गळा काढण्यात मला रस नाही. प्रशिक्षक कोट्यधीश आणि डोकी आपटून घेणाऱ्या मुलांना फक्त शिष्यवृत्ती, या व्यवस्थेला हौशी खेळाचं पावित्र्य म्हणणं हा चाहत्यांचा सोयीस्कर भाबडेपणा होता. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या समझोत्यानंतर विद्यापीठ थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं; पहिल्या वर्षी (२०२५-२६) ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. योग्यच झालं. पण हे पैसे मागायचे कसे? टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या सीझन तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’ लावली. याआधीही चाहताच पैसे देत होता. फक्त पूर्वी पावतीवर ‘देणगी’ होतं, आता हॉटेलच्या बिलातल्या सर्व्हिस चार्जसारखी वेगळी ओळ आहे. पालकाने भिंतीवरचा कागद वाचावा तसा चाहता ती ओळ वाचतो.

‘लिटल ब्राउन जग’साठीच्या त्या २०१४ च्या सामन्यात मिशिगन १४-३० असं हरलं आणि जग मिनेसोटाला गेला. २०२४ मध्ये मिशिगनने २७-२४ असा निसटता विजय मिळवला, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ग्रुपवर भावाचा मेसेज : ‘जग आपल्याकडेच!’ सकाळी मावशीने विचारलं, कसला जग, केवढ्याला घेतला?

भावाने उत्तर दिलं : ‘३० सेंट.’