तीस गुणांची परीक्षा आणि अडीच पौंडांची गोळी

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन. घरात अल्झायमरचा रुग्ण असेल तर यातलं एखादं नाव तरी पाठ झालेलं असतं. तिघांचं काम एकच: मेंदूतलं ॲसिटाइलकोलीन हे संदेशवाहक रसायन तोडणाऱ्या विकराला अडवणं, म्हणजे जे काही थोडं तयार होतं ते जास्त वेळ टिकतं. पेशी मरायच्या मात्र थांबत नाहीत. या गोळ्यांवरचे सगळे वाद फिरून इथेच येतात.

हे रसायन अडलं की डोक्याचं काय होतं, ते आपल्याकडे धोतऱ्यामुळे केव्हाचं ठाऊक आहे. महादेवाला वाहतात त्याच धोतऱ्याचं बी पोटात गेलं की माणूस बरळतो, घरच्यांना ओळखत नाही, हवेत काहीतरी पकडू पाहतो. धोतऱ्यातलं स्कोपोलामिन ॲसिटाइलकोलीनची वाट अडवतं. १९७४ मध्ये तरुण, धडधाकट माणसांना स्कोपोलामिन देऊन स्मरणचाचण्या घेतल्या, तेव्हा त्यांचे निकाल म्हाताऱ्यांसारखे आले. दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत हे रसायन बनवणारं विकर खूपच घटलेलं सापडलं. मेंदूतलं कमी पडलेलं रसायन भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने पार्किन्सनचे रुग्ण चालते झाले होते, तेव्हा इथेही उणं ते भरून काढलं की झालं, असं वाटणं साहजिक होतं. ॲसिटाइलकोलीनचा कच्चा माल म्हणून कोलीन, लेसिथिन खाऊ घालून काही हाती लागलं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत विकराला अडवणारी पहिली गोळी, टॅक्रिन, मंजूर झाली: दिवसातून चारदा गोळी, आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या रक्तात यकृताला त्रास होत असल्याचं दाखवणारे आकडे वर. १९९६ मध्ये दिवसातून एकदाच घ्यायची डोनेपेझिल आली आणि टॅक्रिन मागे पडली.

खरी जुंपली ती इंग्लंडमध्ये. सरकारी आरोग्यसेवेने कोणत्या औषधावर पैसे खर्चावेत हे ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेने २००१ मध्ये तिन्ही गोळ्यांना होकार दिला. मार्च २००५ च्या मसुद्यात मात्र तिन्हींना नकार. गोळीचा खर्च तेव्हा दिवसाला साधारण अडीच पौंड, आणि फायदा किती? ७० गुणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी औषधाविना राहिलेल्यांपेक्षा सरासरी २.७ गुणांचा फरक. या सरासरीत कुणी बऱ्यापैकी सुधारलेला असतो, तर कुणाला काडीचा फरक पडलेला नसतो.

ओरड झाली. मग नोव्हेंबर २००६ मध्ये मधला मार्ग निघाला, तो नकारापेक्षाही विचित्र. ३० गुणांच्या तोंडी परीक्षेत १० ते २० गुण मिळवणाऱ्यांनाच गोळी. ज्याला २३ मिळाले, म्हणजे जो अजून हिशेब ठेवतो, नातवाला शाळेतून आणतो, त्याने आणखी बिघडेपर्यंत थांबायचं! पैशांचा हिशेब करणं चूक नव्हतं. पण आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगा, असल्या प्रश्नांच्या परीक्षेला चाळणी म्हणून लावणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लंडनला मुलाकडे राहायला गेलेली, मराठी चौथी शिकलेली आजी त्या स्पेलिंगचं काय करणार? तिचे गुण आजाराने गेले की भाषेने, हे कागदावर कळत नाही.

औषध कंपन्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायालयाने बहुतेक मुद्द्यांवर संस्थेची बाजू उचलून धरली, पण हा मुद्दा मान्य केला: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांवर आणि शिकण्यात अडचण असलेल्यांवर केवळ गुणांच्या निकषाने अन्याय होतो. पुढच्या वर्षी अपील न्यायालयात संस्था आणखी एका कारणाने हरली. खर्चाचं गणित ज्या संगणकी तक्त्यात मांडलं होतं, तो तिने कंपन्यांना फक्त पाहायला दिला होता, आकडे बदलून पडताळायला नाही. मार्च २०११ मध्ये सौम्य अवस्थेतल्या रुग्णांनाही गोळी खुली झाली. सहा वर्षं गेली. या आजारात सहा वर्षं म्हणजे किती, ते सांभाळणाऱ्यांना विचारावं.

फ्रान्स उलट दिशेने गेला. १ ऑगस्ट २०१८ पासून तिथे या तीन गोळ्या आणि मेमँटिन हे अल्झायमरवरचंच वेगळ्या तऱ्हेचं औषध यांच्या खर्चाची सरकारी भरपाई बंद झाली. फायदा तोकडा, त्रास जास्त, असं कारण दिलं गेलं. अभ्यास बहुतेक तेच, निष्कर्ष मात्र दोन टोकांचे.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या त्याच संस्थेने नव्या मार्गदर्शनात धोतऱ्याचीच गोष्ट पुन्हा काढली, अर्थात धोतऱ्याचं नाव न घेता. ॲसिटाइलकोलीन अडवणारी औषधं बुद्धी मंदावतात, तेव्हा ती कमीत कमी द्या, पर्याय शोधा. ही औषधं म्हणजे सर्दीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन, लघवीची घाई थांबवणारं ऑक्सिब्युटिनिन. डोनेपेझिलने काहींना लघवीची घाई होते, त्यावर डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन लिहून देतात, आणि सकाळी एकाच डबीतून दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर पोटात जातात.