पोटावर पडून पाहायची पॉपी

कॅलिफोर्निया आणि पॉपी, म्हणजे खसखशीच्या कुळातलं फूल, म्हटलं की डोंगरउतारावर पसरलेला केशरी गालिचा आठवतो. त्या पॉपीची दखल फार लवकर घेतली गेली. १८१६ साली ‘रुरिक’ हे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आलं. जहाजावरच्या शामिसो या कवी-वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथली पॉपी नोंदवली आणि १८२० साली तिला जहाजाचे डॉक्टर एश्शोल्ट्झ यांचं नाव दिलं. नाव लिहिताना त्यातला ‘टी’ गळाला, तो आजतागायत गळालेलाच आहे.

कॅलिफोर्नियाकडच्या मोहावी वाळवंटातल्या तिच्या चिमुकल्या भाईबंदांना मात्र १८७६ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. नवल नाही. ही झाडं वर्षायू, हिवाळी पाऊस झाला तर उगवणारी. पावसाने दगा दिला की वर्षभर बी मातीतच. शिवाय घोड्यावरून दिसणार काय? पॉपीच्याच कुळातली पांढरी कॅनबिया घ्या. झाड जेमतेम १ ते ३ सेंटीमीटर उंच, पाकळी ३-४ मिलिमीटर. अख्खं फूल शर्टाच्या बटणावर मावेल! गुडघे टेकूनही भागत नाही, सरळ वाळूत पालथं पडावं लागतं. तेव्हा दिसतं, की कोमेजल्यावरही पाकळ्या गळत नाहीत, बोंडाभोवती मिटून राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ पॅरी यांनी सुचवलेलं ‘कॅनबिया’ हे नाव एसा ग्रे या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलं. ज्या विल्यम कॅनबींवरून ते पडलं, ते राहायचे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डेलावेअरमध्ये.

१८७६ सालीच वनस्पतिशास्त्रज्ञ सेरेनो वॉटसन यांनी ‘मिनुटिफ्लोरा’ म्हणजे इवल्या फुलांची पिवळी पॉपी नोंदवली. खरी गंमत हिच्यातच आहे. हिच्या तीन उपजाती. १२ गुणसूत्रं असलेलीची पाकळी सर्वांत मोठी, २४ वालीची मधली, आणि ३६ गुणसूत्रं असलेली सर्वांत चिमुकली, ३ ते १० मिलिमीटर. गुणसूत्रांचे संच वाढले की फुलं मोठी होतात, असा बागायतीतला सर्वसाधारण अनुभव; इथे सगळं उलटंच. मोठ्या पाकळीची ती उपजात मोहावीतल्या एल पासो आणि रँड डोंगरांच्या आसपासच सापडते. तिला स्वतःचं नाव मिळालं थेट १९९१ मध्ये, तेही ट्विसेलमन या गुरं पाळणाऱ्या वनस्पतिअभ्यासकाचं.