कंटेंट सेम आहे? कुठला कंटेंट?

"डॉक्टरांनी लिहिलेली ओरिजिनल आणि ही तर जेनेरिक" हे ऐकलं की माझं डोकंच उठतं. अहो, प्रीगॅबालिन म्हणजे नसांच्या दुखण्यावरचं औषध, त्याचा ओरिजिनल ब्रँड लिरिका, मुळात फायझरने आणलेला. आपल्याकडे चिठ्ठीवर जी नावं येतात ती बहुतेक दुसऱ्याच कंपन्यांची, म्हणजे तीही जेनेरिकच, फक्त त्यांना नाव आहे आणि मागे एमआर, म्हणजे कंपनीचा माणूस, डॉक्टरांकडे फिरतोय. आत प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम असेल तर जनऔषधीवाल्या कॅप्सूलमध्येही तेच, रंग आणि किंमत वेगळी, विषय संपला. आणि जेनेरिकमध्ये औषध ८० ते १२५ टक्के कितीही असलं तरी चालतं, हे फॉरवर्ड पाठवणं बंद करा प्लीज, तो आकडा रक्तात औषध किती पोचतं त्याची तुलना करण्यासाठीचा आहे, कॅप्सूल २० टक्के कमी भरायची सवलत नाहीये ती.

खरा घोळ जोडीदाराचा, म्हणजे त्याच गोळीत मिसळलेल्या दुसऱ्या औषधाचा आहे. नसांच्या गोळ्या आपल्याकडे एकट्या कमीच येतात. नावापुढे एम असेल तर बहुतेकदा सोबत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, ते फारसं कुणाला त्रास देत नाही. पण एनटी असेल तर सोबत नॉर्ट्रिप्टिलिन, बहुतेक १० मिलिग्रॅम, आणि हे मुळात डिप्रेशनचं औषध, नसांच्या दुखण्यावरही चालतं, पण तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, प्रोस्टेटवाल्या आजोबांची लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर आधी विचारायलाच हवं. आता एनटीवाल्या माणसाला कुणी साधी प्रीगॅबालिन ७५ दिली "कंटेंट सेम आहे" म्हणून, तर अर्धं औषधच गायब झालं ना, मग दुखणं परत येतं आणि शिव्या बसतात जेनेरिकला!

उलटा प्रकार आमच्या आत्याचा. शुगरमुळे पायाची आग व्हायची म्हणून एकाकडून एम चालू, सायटिकासाठी दुसरीकडून एनटी, नावं दोन, डबे दोन, प्रीगॅबालिन डबल. रात्री बाथरूमला जाताना भिंत धरून चालायची, आणि आम्ही म्हणत होतो वय झालं. हे औषध किडनीतून बाहेर जातं, त्यामुळे किडनी मंद असेल तर डोस आणखी कमी लागतो.

गॅबापेंटिन हे वेगळं औषध, भाऊबंद म्हणा. ३०० आकडा बघून ७५ पेक्षा स्ट्राँग समजू नका. गॅबापेंटिनचा डोस वाढवत गेलं की शोषण घटत जातं, दिवसाला ९०० मिलिग्रॅमला साधारण ६० टक्के, २४०० ला ३४, प्रीगॅबालिन मात्र ९० च्या वरच. त्यामुळे अदलाबदल डॉक्टरांनीच करायची, आणि दोन्हींपैकी काहीही मनानेच एकदम बंद करायचं नाही.

एसआर लिहिलेली हळूहळू सुटते, तोडून खाऊ नका.

आणि दुकानदाराने चार गोळ्या कापून दिल्या, त्या तुकड्यावर नुसता चंदेरी कागद उरला, तर घेऊ नका, नाव आणि कंटेंट असलेला भाग मागा. लाज कसली त्यात.